शरणूचा फोन येईपर्यंत

सोलापूर स्टेशनवर पुण्याची गाडी उशिरा होती. शेजारच्या बाकावर वळसंगच्या मायलेकी बसल्या होत्या. मुलीच्या मांडीवर बासरीची पेटी होती.

"तुजा भाऊ तितं सीमेवर. सोमवारपासनं शरणूचा फोन न्हाय. आन् तू पुण्यात बासरी वाजवणार."

"कार्यक्रम आधीच ठरला होता, अव्वा."

"मग दुसरं कायतरी वाजव की. लढाईतलंच कशाला?"

"ते लढाईवरचं नाही, परदेशातली एक जुनी लढाई चालू असताना लिहिलंय. फक्त बासरी आणि पियानोसाठी. लिहिणाऱ्याच्या गावातले बाकीचे वाजवणारे सैन्यात गेले होते."

"पियानो म्हंजे आपल्या भजनातली पेटीच की."

"साधारण तशीच. पण तिला भाता नसतो."

"बिनश्वासाची पेटी. लई भारी."

"अव्वा, तुला भीती कशाची वाटते?"

"तुजे अप्पा लिंगैक्य झाले तवा रातभर भजन केलं, वाजवत नेलं त्यास्नी. आपल्यात माणूस गेला की वाजवत्यात, शिवे. माजा लेक जित्ता हाय."

"हे लिहिणाऱ्याचा मुलगाही लढाईवर होता. त्याची काहीच खबर नव्हती. म्हणून बाप रोज थोडं थोडं लिहायचा. खबर आली त्या दिवशी त्यानं लिहिणं थांबवलं."

"काय खबर आली?"

"ते कुणालाच माहीत नाही."

गाडी येत असल्याची घोषणा झाली. दोघी उठल्या.

"वाजव मग. पण घाईनं संपवू नगंस."