मूठभर मका

दवाखान्याच्या बाकावर प्लास्टर काढायला आलेली शिंपीणबाई शेजारच्या दीर-भावजयीचं बोलणं ऐकत होती.

"भावजी, मका वाळवूनच भरला होता ना?"

"वरचा वाळला होता, वहिनी. खालचा ओला राहून घट्ट बसला. दादा तो फोडायला कोठारात उतरला आणि ढीग अंगावर कोसळला."

"भरताना ओलावा मोजला नव्हता?"

"मोजला होता. तळापर्यंत नमुना काढायची नळी खुपसायचा कंटाळा केला. वरचाच मूठभर घेऊन मोजला."

"कुणी? त्या मेल्याचे हात झडोत!"

"वहिनी, ते आता कशाला?"

"बोला ना! कोण मोजतं तिथे?"

"मीच, वहिनी."

आतून नर्सने हाक मारली, "कोठारवाल्या पेशंटचं कोण आहे?"

दोघांपैकी कुणीच उठलं नाही.