केरबा शिंप्यानं परडं बेतलं

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. आज एकच प्रश्न विचारतो. ऐकायला सोपा आहे, उत्तराला अवघड आहे. — ज्याच्या घरात खाणारं तोंड एकच, त्यानं पेरावं किती?

झाली कुजबुज सुरू! इकडून कुणी म्हणतं, मूठभर. तिकडून कुणी म्हणतं, पेरायचंच कशाला, बाजारात मिळतं की! हा मागचा आवाज तरण्याबांड माणसाचा दिसतो. याची आई अजून याला गरम गरम वाढते!

तर ऐका. उत्तर मी देणार नाही. उत्तर केरबा शिंपी देईल.

मिरजेच्या पूर्वेला एक गाव. पाऊस बेताचा, माणसं खटपटी. तिथं हा केरबा. घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, मागं छोटं परडं. माणसाकडं नुसतं बघून छातीचं माप सांगायचा! गावातल्या प्रत्येकाचं माप त्याला पाठ — स्वतःचं सोडून.

माघात त्याची बायको गेली. तानूबाई. ताप आला, अंथरुणाला लागली, आणि गेली. मंडळी, 'गेली' म्हणायला एक शब्द पुरतो. पण त्यानंतर रोज दोन वेळा ताट मांडायची वेळ येते, आणि रोज हात दोन ताटांकडं जातो... असू द्या. पुढं जाऊ.

केरबा काय खायचा? चहा-टोस्ट! सकाळी टोस्ट, दुपारी टोस्ट. संध्याकाळी बदल म्हणून — चहा! सदरा अंगावर लोंबायला लागला. शेजारच्या हौसाबाई भिंतीवरनं म्हणाल्या, "भावजी, सदरा कुणाचा घातलाय?"

"माझाच की, वैनी. कापड सैल पडलंय."

"कापड सैल पडलंय का आतला माणूस?"

बघा! शिंप्याला कापड शिकवणारी शेजारीण भेटायला नशीब लागतं!

श्रावण आला. नागपंचमीला लेक माहेरी आली — शालन, इचलकरंजीला दिलेली. घरात पाऊल टाकलं ते थेट स्वयंपाकघरात. भाजीच्या टोपलीत बघितलं. एक कांदा, त्यालाही कोंब फुटलेला. डब्यात बघितलं — टोस्ट. बापाकडं बघितलं. आणि पदर खोचला.

"आप्पा, मशीन उचला. माझ्याकडं चला."

"आगं, हितं माझं गिऱ्हाईक हाय, घर हाय..."

"घर हाय, पर चूल कुठाय? मी सांगते ते ऐका. दसऱ्याला टेम्पो घेऊन येणार. तुमच्या परड्यातली ताजी भाजी चुलीवर दिसली, तर ऱ्हावा. न्हाई दिसली, तर तुमी, मशीन आन् ह्यो टोस्टचा डबा — समदं टेम्पोत!"

आता केरबाला लेकीकडं काही वाईट होतं का? जावई चांगला, नातवंडं गोड. पण मंडळी, त्या घराच्या भिंतींना तानूबाईचे हात लागलेले. तिनं सारवलेली जमीन. तिथून उठायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवायचं. केरबानं ठरवलं — नाही जायचं. भाजी पिकवायची!

आणि लगेच कुदळ घेऊन परड्यात. पहिला घाव घालणार, तोच भिंतीवरनं हौसाबाई ओरडल्या, "ओ भावजी! आज पंचमी! आज खणायचं नसतं! नागोबा हाय का कोण हाय!"

"वैनी, मला दसऱ्याच्या आत..."

"नागोबा चावला तर दसरा वरच करशीला!"

कुदळ खाली!

दुसऱ्या दिवशी तानूबाईची बियांची गाडगी काढली. राखेत घोळून बी ठेवायची ती. पण माघापासून कुणी बघितलंच नव्हतं. बहुतेक गाडग्यांत भुंगे नांदत होते. एकच गाडगं धड राहिलं — मेथीचं. केरबानं राखेत हात घातला. तिनं निवडलेले दाणे. तिच्या बोटांतून गळलेले.

आता इथं शिंपी चुकला. कसा, ते बघा. शिंप्याची सवय काय? थान उलगडलं की कापून मोकळं व्हायचं. आज थोडा सदरा, पुढच्या आठवड्यात थोडा सदरा — असं कधी असतं का? केरबानं सगळं परडं खणलं आणि सगळं गाडगं एका दिवसात पेरलं. तळ खरडून! राख झटकून!

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं संसार केला, बायको कशी पेरते ते बघितलं नाही? कसं बघणार? तानूबाई पेरायची बाजारच्या दिवशी. आणि बाजारच्या दिवशी शिंप्याला मान वर करायला सवड नसते! त्याला दिसायची ती थेट ताटातली भाजी. इथं बसलेल्या पुरुषांनो, हसू नका. तुमच्या ताटातली भाजी कुठून येते, सांगता येईल का? बघा, सगळे मृदंगाकडं बघायला लागले!

मेथी उगवली. अशी उगवली! गौरी बसायच्या सुमाराला परडं हिरवंगार. सगळी एका दिवशी खुडायला आली. केरबा खूश. सकाळी मेथी. संध्याकाळी मेथी. पराठ्यात मेथी, डाळीत मेथी, नुसती मेथी. ढेकरसुद्धा मेथीचा!

हौसाबाईंनी भिंतीवरनं हात पुढं केला. "भावजी, जुडीभर द्या की. गौरीच्या भाजीला हुईल."

आणि केरबा काय म्हणाला? "न्हाई, वैनी. तिच्या हातचं शेवटचं बी हाय. ह्यातलं पानसुद्धा बाहेर जायचं न्हाई."

हौसाबाईंनी हात मागं घेतला.

मंडळी, मी त्याला कंजूष म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका. माणूस गेलं की मागं राहिलेली फुटकी कंगवीसुद्धा टाकवत नाही. पण मेथीला तुमचं दुःख कळतं का? तिला दिवस कळतात! एकटं पोट खाऊन खाऊन किती खाणार? गणपती बोळवले तोवर मेथी कडवट झाली, जून झाली, फुलावर आली. दसरा पुढं उभा, आणि परड्यात खाण्यासारखं एक पान नाही!

केरबा परड्यात मटकन बसला. गाडगं उलटं करून बघितलं. आत राख. त्याला वाटलं, लेक जिंकली तरी चालेल, पण मी तानूचं बी संपवलं. आणि मंडळी, बायको गेली तेव्हा न रडलेला माणूस मेथीच्या वाफ्यात बसून रडला.

भिंतीपलीकडं धुणं वाळत घालायचं थांबलं. हौसाबाई आत गेल्या. येताना हातात फडक्याची गाठ.

"भावजी, हे घ्या."

"काय हाय?"

"मेथी. तानूचीच. दर साली मी तिला घेवडा द्यायची, ती मला मेथी. बायका बी घरात एकटं ठेवत न्हाईत. एका घरात भुंगा लागला तर दुसऱ्या घरात जित्तं ऱ्हातं."

केरबा बघतच राहिला! जे त्यानं जपलं ते सरलं. जे तानूबाईनं दिलं होतं ते उरलं!

गाठ सोडली आणि गडी पुन्हा सगळं परड्यावर उधळायला निघाला! हौसाबाईंनी मनगटच धरलं.

"थांबा! गिऱ्हाईक किती?"

"आँ?"

"ह्या भाजीचं गिऱ्हाईक किती?"

"...एकच. मी."

"मग एका माणसाच्या सदऱ्याला समदं थान फाडता व्हय? बेतून घ्या की!"

लागला बाण! बेतायचं म्हटल्यावर शिंपी जागा झाला. घरातनं टेप आणला, खडू आणला. जन्मात पहिल्यांदा स्वतःचं माप घेतलं. एका माणसाला एका वेळेला भाजी किती? ओंजळभर. आठवड्यात मेथी किती वेळा? दोनदा, फार तर तीनदा. मग त्याला वाफा केवढा? उशीच्या अभ्र्याएवढा! हसू नका — तेवढाच पुरतो! उन्हाच्या बाजूला तसे अभ्र्याएवढे वाफे आखले. जून झालेली मेथी कोपऱ्यात बियाला राखली. भिंतीलगत दोडक्याचा एकच वेल, कारण दोडका एकदा सुटला की गल्लीला पुरतो. भेंडीची चार-पाच झाडं. मिरचीची दोन. मोरीचं पाणी वळवून दिलं. आणि हौसाबाईंनी बजावलं — "दर बाजारी एकच वाफा पेरायचा. हात कितीबी शिवशिवला तरी एकच!"

केरबानं ऐकलं. बाजारच्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभं करून आत जायचा, चिमूटभर बी पेरून यायचा. लोक विचारायचे, कुठं गेला होतास? म्हणायचा, "बाही जोडून आलो!"

दसरा उजाडला. दारात टेम्पो! शालन उतरली, सोनं न देताच आत शिरली. चुलीवर कढई. कढईत मेथी, लसणाची फोडणी. तिनं बोटानं चाखली.

"मीठ जास्त झालंय."

"मीठ इकत आणलंय, पोरी. परड्यातलं न्हवं."

शालन हसली नाही. तिला खरी शंका वेगळीच. "आप्पा, खरं सांगा. ही हौसामावशीनं करून दिली ना? मला टेम्पो माघारी लावायला?"

केरबानं तिला हाताला धरून परड्यात नेलं. पहिला वाफा — सकाळीच खुडलेला, देठं ओली. त्याच्या शेजारचा — वीतभर वाढलेला. त्याच्या शेजारचा — बोटभर. त्याच्या पुढं — नुसते दोन-दोन पानांचे कोंब. जसा जिना उतरावा तसे वाफे! आणि शेवटी एक वाफा, भुसभुशीत केलेला, पाणी शिंपलेला, पण मोकळा.

शालननं विचारलं, "ह्यो का रिकामा ठेवला?"

केरबा म्हणाला, "ह्यो पुढल्या बाजारचा. पुढल्या आठवड्यात बी मी असणार हाय न्हवं!"

मंडळी, लेक तिथंच त्या मोकळ्या वाफ्याशेजारी बसली. किती तरी महिन्यांनी बापाच्या तोंडात 'पुढल्या आठवड्यात' आलं होतं! कढईतली भाजी कुणीही करून देईल हो. पण पुढच्या आठवड्याचा वाफा? तो उसना आणता येत नाही! तिनं डोळे पुसले आणि टेम्पोवाल्याला हाक मारली — "भाऊ, जेवायला बसा. मशीन न्यायचं न्हाई!"

तर आता या माझ्या प्रश्नाकडं. एकट्यानं पेरावं किती? सगळं गाडगं नाही, आणि काहीच नाही असंही नाही. आजच्या ओंजळीपुरतं पेरावं, चिमूटभर शेजारी द्यावं, आणि उद्यासाठी एक वाफा मोकळा ठेवावा. देवानं माणसाला बी दिलं ते एका दिवसात संपवायला दिलं नाही.

आणि तुम्ही, भरल्या घरचे! तुमच्या शेजारी एकटं माणूस असेल. त्याला नुसती वाटीभर भाजी देऊन माघारी फिरू नका. भिंतीपाशी उभं राहून विचारा, "पुढल्या बाजारी काय पेरताय?" त्याच्याकडं उत्तर नसेल, तर दुसऱ्या बाजारी पुन्हा विचारा. मला आमच्या शेजाऱ्यांनी विचारलं होतं. आज निघताना मी चाकवताचा वाफा भिजवून आलोय. उद्या बाजार आहे, मला लवकर पोचायचंय. म्हणून आता एकदा मोठ्यानं म्हणा, मातीआड दाणा जागवणाऱ्या पांडुरंगाचा — जयजयकार!