हात पोचतो तिथवर

— अरे, वाक जरा! लागलंच ना डोक्याला?

— बाबांनी दार एवढं बुटकं का केलं गं ताई?

— ते स्वतः बुटके. सगळं जग आपल्याच मापाचं वाटायचं त्यांना. सरक, मला टेकू दे. दोघं कसेबसे मावतोय. तिसरा आला तर देवालाच बाहेर उभं राहावं लागेल.

— पण भिंती बघ! एकट्या माणसानं बांधलेलं प्रार्थनाघर, खरं वाटत नाही. फुटक्या बशा, बाटल्यांच्या काचा, शिंपले... आणि हा मासा! कपाच्या कानाची शेपटी केलीय. बाबांचा हातच वेगळा. आणि तू म्हणतेस, कुलूप लावून लेकीकडे जाते.

— म्हणत नाही, जातेय. पुढच्या आठवड्यात. गुडघे बोलायला लागलेत.

— लोक लांबून येतात इथं. तू नसलीस तर कोण बघणार? अजून एखादं वर्ष काढ.

— एखादं वर्ष, एखादं वर्ष करत बाबांना जाऊन दहा होऊन गेली. तू येतोस, फोटो काढतोस, डोळे पुसतोस आणि संध्याकाळची गाडी धरतोस.

— तसं नाही गं. माझे बाबा इथंच आहेत. या माशात आहेत.

— तो मासा माझा आहे.

— म्हणजे?

— भिंत ओल धरते. तुकडे गळतात. सकाळी झाडताना सुपलीत येतात. आधी होते तिथंच बसवायचे. मग आठवेना, कुठला कुठे होता. मग सुचेल तसं करत गेले. मासा गेल्या वर्षीचा. तो कप माझ्या लग्नातला.

— कधी बोलली नाहीस.

— तू इतक्या कौतुकानं बघायचास. म्हटलं, कशाला.

— मग बाबांचं काय राहिलं?

— वरचं छत. ते शिडीवर चढून करायचे, तिथं माझा हात पोचत नाही.

— तेवढंच?

— असा वर बघत राहू नकोस, मान आखडेल. रडतोयस की काय?

— नाही. चावी दे इकडे.

— कशाला? जाताना परत माझ्याच हातात ठेवशील.

— नाही ठेवणार. तू जा लेकीकडे. रविवारी येत जाईन मी. उघडीन, झाडीन. नाहीच जमलं, तर कुलूप मी लावीन. ताईनं बंद केलं, असं कुणी म्हणायला नको.

— बघ हं. नंतर फोन करून रडगाणं गायचं नाही.

— दे म्हटलं ना.

— घे. लावताना दार किंचित वर उचल. खाली घासतं.