कानाने दिलेलं प्रॅक्टिकल

बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला मी काय करून ठेवलं, ते तुम्हाला सांगितलंच नाही ना? तेव्हा मी लाटंबार्सेला देवळात भजनाला पेटी वाजवायचो. परीक्षेत ट्यूनिंग फोर्कची कंप्रता शोधायचा प्रयोग आला. सोनोमीटरची तार कोण ताणत बसणार? मी फोर्क रबरावर आपटला, कानाशी धरला आणि सरळ उत्तर लिहिलं: ‘पांढरी पाच’.

फोंड्याहून आलेल्या परीक्षकांनी पेपर डोळ्यांजवळ नेला.

“कितें रे हें?”

“सर, पेटीची पाचवी पांढरी पट्टी. भजनात आम्ही असंच सांगतो.”

आमच्या सरांनी कपाळावर हात मारला. मी मनातल्या मनात नापास होऊन घरीसुद्धा पोचलो.

परीक्षकांनी मात्र स्वतः फोर्क आपटला, डोळे मिटले आणि हळूच ‘विठ्ठल’ म्हणून सूर लावून बघितला.

“पांढरी पाचच आहे.”

मी खूश! तेवढ्यात त्यांनी लाल पेन काढलं.

“पण सप्तक कुठलं ते लिहिलं नाहीस. अर्धा मार्क कापतो.”