खुंटीवरचा कोट

(नाट्यगृहाच्या बाहेरच्या पायऱ्या. रविवार संध्याकाळ, मध्यंतर.)

आत्या : तीन महिन्यांपूर्वी रांगेत उभं राहून तिकिटं काढलीत मी. आणि ही बया पहिला अंक अर्धा टाकून इथे येऊन बसलीय!

मुलगी : आत्या, तू आत जा ना.

आत्या : जाते. आधी हा चहा घे. दोन दिवस बापलेकींनी परक्यांच्या घरातला पुराचा चिखल उपसलात, मी चकार शब्द काढला नाही. आता दोन तास खुर्चीत बसायचं तर हिला काटे टोचतात. दादा, विचार तुझ्या लाडकीला.

बाबा : दमली असेल गं. तू हो पुढे, आलोच आम्ही.

आत्या : तिसऱ्या घंटेला दार लावतात. मग म्हणाल, सांगितलं नाही.

बाबा : ... गेली. बोल आता.

मुलगी : ती नटी नवऱ्याच्या कोटाची बटणं लावत होती ना, मला बसवेना.

बाबा : कोटाचं काय?

मुलगी : आज आपण चिखल काढला त्या आजींच्या घरातला कोट मी कचऱ्याच्या ढिगावर टाकला. आजोबांचा. पुरात गेले ना ते. शेजारीण नंतर म्हणाली, त्यांची तेवढी एकच वस्तू उरली होती.

बाबा : विचारलं होतंस ना?

मुलगी : विचारलं. तुमच्या नियमाप्रमाणे, एकदाच.

बाबा : दोनदा विचारलं की माणसाचा जीव तुटतो, बाळा. म्हणून तो नियम. हो म्हणाल्या ना त्या?

मुलगी : मान हलवली. दारात खुर्चीवर बसल्या होत्या. मी आतूनच ओरडले, खुंटीवरचं टाकू? त्यांनी मान हलवली. गादी टाकू? मान हलवली. पुस्तकं? तेच. तीन वाजता कचऱ्याची गाडी सगळा ढीग घेऊन गेली. मग मी गमतीनं म्हटलं, आजी, आता मलाही टाका पुढच्या गाडीत. तर त्यालाही हसून मान हलवली.

बाबा : अरे देवा.

मुलगी : त्यांना ऐकूच येत नव्हतं, बाबा. आपण निघालो तेव्हा खुंटीवर हात फिरवत होत्या. मी बघितलं आणि आपल्या गाडीत येऊन बसले. तुम्हाला सांगायची हिंमतच झाली नाही.

बाबा : हे बघ.

मुलगी : काय आहे हे?

बाबा : ऐकायचं यंत्र. त्यांचंच. बारा वाजता गाळात सापडलं. धुतलं, पुसलं, पण चालेना. निघताना देऊ म्हणून खिशात टाकलं. मग नाटकाला उशीर होईल म्हणून घाई केली, आणि राहूनच गेलं.

मुलगी : बारा वाजता?

बाबा : हो.

मुलगी : कोट मी जेवणानंतर टाकला.

बाबा : माहीत आहे. आत्ता तू बोलत होतीस तेव्हा तोच हिशेब करत होतो. तुझी चूक नाही ही. माझी आहे. त्यांना ऐकू येत नाही हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

मुलगी : माझीही आहे. चार पावलं चालून कोट त्यांच्यासमोर धरला असता तर?

आत्या : अगं, दुसरी घंटा झाली! काय हे, दोघंही रडताय? कोणाचं काय झालं?

बाबा : त्या आजींचं यंत्र माझ्या खिशात राहिलं. आणि हिनं न कळता त्यांच्या नवऱ्याचा कोट टाकला. आम्ही परत जातो. तू नाटक बघ.

आत्या : कोट मिळेल आता?

बाबा : नाही. गाडी गेली.

आत्या : मग जाऊन करणार काय?

मुलगी : सांगणार.

आत्या : ऐकू न येणाऱ्या बाईला?

मुलगी : लिहून.

आत्या : ... हं, हे घे पेन. तिकिटाच्या मागे जागा आहे. माझंही तिकीट घे, एकावर मावायचं नाही. आणि मी एकटी आत बसून काय करू? थांबा, पिशवी घेऊन येते.

मुलगी : बाबा, काय लिहू?

बाबा : ‘कोट’ एवढं लिही. मोठ्या अक्षरात. बाकीचं तिथे गेल्यावर.

मुलगी : आणि वाचून त्यांनी परत नुसती मान हलवली तर?

बाबा : तर या वेळी लगेच निघायचं नाही. त्यांच्यापाशी बसायचं.