पुडीतलं पीठ

— नाही नाही, ते माझ्या नातीनं नाही लिहिलेलं, ते मी. तुम्हीच छापलंय ना वहीत, 'आज काही वेगळं जाणवलं का' — मग जाणवलं ते लिहिलं, 'मोठे डॉक्टर दिसायला बरे आहेत, पण मोजे दोन रंगांचे.' खोटं आहे का? बघा, हसलात. आणि गुरुवारचं वाचलंत का, 'सकाळी आजीची बोलणी दोन वाट्या, पचली' — तेही माझंच. चौथी शिकलेल्या बाईच्या हातात एवढी कोरी वही द्यायचीच नाही. बसा हो वहीवाल्या बाई, उभ्यानं काय वाचताय, नर्स म्हणाली पोरगी शुद्धीवर यायला अर्धा तास तरी आहे. आणि तो चष्मा तुमच्या डोक्यावर आहे, खिशात काय चाचपताय.

माझी नात म्हणजे तुमच्याकडचा नंबर सतरा, हो ना? घरी आम्ही तिला काडी म्हणतो. एकोणीस वर्षांची होईपर्यंत काडीच होती, मग तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं, सिलिअॅक. मला आधी ते एखाद्या साबणाचं नाव वाटलं. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं — गव्हात काहीतरी चिकट असतं, ग्लूटेन, ते पोटात गेलं की अंगात जी राखण करणारी मंडळी असतात ती चोर आला म्हणून उठतात आणि चोराला सोडून घरच्याच भिंती फोडत सुटतात. आतड्यावर म्हणे बारीक लव असते, नव्या टॉवेलासारखी, ती झडते, टॉवेल गुळगुळीत होतो, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. समजलं मला सगळं. चिकट म्हणजे काय ते तर तुमच्या डॉक्टरांपेक्षा मला जास्त समजतं — एकतीस वर्षं बेकरीत कणीक मळलीय मी. चांगला गहू कुठला, तर जो ओला करून दोन बोटांत ताणला की तुटत नाही तो. त्या चिकटपणाचेच पैसे देतात लोक, त्यानंच पाव फुगतो. आता म्हणतात तेच विष.

तर तुमचा हा प्रयोग. बत्तीस जण, सहा आठवडे, रोज सकाळी एक गोळी आणि एक पुडी. पुडीत गव्हाचं पीठ, सगळ्यांच्या, मुद्दाम, रोग जागा करायला — आणि गोळी निम्म्यांची खरी, निम्म्यांची खडूची, कुणाची कुठली ते डॉक्टरांनासुद्धा माहीत नाही. मला हसूच आलं. म्हटलं, जन्मभर मी लोकांना फसवलं तेव्हा बोलणी खाल्ली, आणि ही शिकलेली माणसं सह्या घेऊन फसवतात. तसं नाही? असेना का तसं नाही. तुम्ही लिहा, लिहा.

फसवायचं म्हणजे काय, चेष्टा हो. आमच्या भट्टीवाल्याच्या तंबाखूच्या पुडीत मी चहाची पूड भरली होती, खालची शिवण ब्लेडनं उसवून, परत इस्त्रीनं चिकटवून — तीन दिवस तो माणूस म्हणत होता, तंबाखूत आता पहिल्यासारखा दम राहिला नाही. मालकाच्या मिठाच्या डब्यात साखर. जावयाच्या बुटात मटार. हात चांगला बसलाय माझा अशा कामाला... हो, पुडी तशीच असते. म्हणजे प्लास्टिक जरा जाड. इस्त्री थोडी जास्त तापवावी लागते.

काय? नाही, मी कुठं काय म्हटलं. मी तंबाखूचं सांगतेय.

पाणी मिळेल का जरा — नको, राहू दे, बसा. बसा हो. पहिल्या दोन दिवसांचं वाचलंत ना वहीत, ते तिच्या हातचं आहे. पहिल्या दिवशी पुडी दह्यात कालवून खाल्ली, दुपारी कामावरनं परत आली ती पोट धरून. दुसऱ्या दिवशी रात्रभर मोरीत. मी बाहेर बादली घेऊन उभी, आणि आतनं ती म्हणते, आजी, असंच व्हायचं असतं गं, यातनंच कळणार त्यांना. यातनंच कळणार म्हणे. ओठ पांढरे. हट्टी आहे, सोडणार नाही हे मला माहीत होतं — का सोडेल? ऑफिसात कुणाचा वाढदिवस आला की ही पोरगी फोन आल्यासारखं करून जिन्यात जाऊन उभी राहते. कुणाकडे जेवायला गेली की आधी त्यांच्या स्वयंपाकघरातली पाकिटं वाचते, लोकांना वाटतं झडती घेतेय. एका चांगल्या मुलाच्या आईनं तोंडावर सांगितलं, आमच्या घरचं अन्न चालत नसेल तर आमचं घर तरी कसं चालेल. तिला तुमची ती गोळी हवी होती. नुसती खायला नाही, जगात यायला हवी होती.

आणि मला तिला मोरीत ऐकवेना.

मग काय — उरल्या चाळीस पुड्या. एका दुपारी बसून केल्या. खालून उसवायची, गहू काढायचा, तांदळाचं पीठ जरा तांबूस भाजून भरायचं, इस्त्री फिरवायची. रंग तोच, वजनही तेच, मी तराजूवर करून बघितलं, धंद्यातली आहे शेवटी. तुम्ही लोक रिकाम्या पुड्या मोजून घेता, किती नीट मोजता, पण आत काय होतं ते कुठं मोजता. तिला काही कळलं नाही. चार दिवसांत जेवायला लागली. दोन आठवड्यांत गालावर रंग. आरशात बघून म्हणाली, आजी, मला खरी गोळी मिळालीय. मी म्हटलं, मिळाली असेल. असं बघू नका माझ्याकडे. मला वाटलं सहा आठवडे संपतील, तुम्ही तुमचं आभाराचं पत्र द्याल, ती परत तिच्या पथ्यावर येईल, कुणाचं काय गेलं? एक नंबर सतरा चुकला तर चुकला, बाकीचे एकतीस आहेत की.

आज सकाळी डॉक्टर बाहेर आले, दोन्ही मोजे एका रंगाचे होते आज, आणि म्हणाले, आजी, तुमची नात सगळ्यांत पुढे आहे, रक्तातला आकडा इतका चांगला कुणाचाच नाही. आता भूल देऊन पोटात कॅमेरा घालतोय, त्यातही तसंच दिसलं की पुढचा टप्पा — पुड्या बंद, पथ्य बंद, सकाळ-संध्याकाळ साधं जेवण, पाव, बिस्किटं, सगळं, वर हीच गोळी, एक वर्षभर. वर्षभर, बाई. आणि गोळी खडूची असली तर? आकडा काय गोळीनं आलाय? तांदळानं आलाय. ती मला मिठी मारून आत गेली, जाताना म्हणते, संध्याकाळी मला तुझ्या बेकरीतला पाव आण, गरम. पुढच्या टप्प्याचा कागद तिथं तिच्या उशाशी ठेवलाय, पेन लावून. जागी झाली की सही करेल. वाचणारसुद्धा नाही.

तू एक काम कर. पोरी, ऐक — तू म्हटलं तर चालेल ना, माझ्या नातीपेक्षा चार वर्षांनीच मोठी असशील. तू आत जाऊन सांग, आकडा चुकला होता. यंत्र बिघडलं म्हण. नळ्या बदलल्या म्हण, होतं की असं, माणसांचं काम आहे. नंबर सतराला पुढच्या टप्प्यात घेता येत नाही, एवढंच. ती रडेल, दोन दिवस रडेल, तुमच्यावर चिडेल, चिडू दे ना, तुमचं काय जातं, तुम्ही तिच्याकडे रोज थोड्याच राहायला आहात. मान हलवू नकोस. विचार तरी कर. मग नापास कर तिला दुसऱ्या कशात तरी — वजनात, वयात. माझ्यामुळे कर. घरातली म्हातारी वेडसर आहे, अशा घरातला माणूस चालत नाही म्हणून लिही, मी अंगठा देते. सहीसुद्धा येते मला.

कारण मी सांगितलं तर... तुला माहीत नाही. तिची आई म्हणजे माझी मुलगी. डॉक्टरांनी विचारलं होतं, आई कशानं गेली, मी म्हटलं अशक्तपणानं. तसंच लिहिलंय बघ पुढच्या पानावर. बरोबर आहे, अशक्तच होती. पोट मोठं, हातपाय काटक्या, रक्त नाही अंगात. आणि मी रोज पहाटे भट्टीतला पहिला पाव तिच्यासाठी बाजूला काढायची. पहिला, सगळ्यांत फुगलेला. ती नको म्हणायची, पोटात दुखतं म्हणायची, आणि मी — मी समोर बसायची. खाल्ल्याशिवाय उठू देत नव्हते. अंगात ताकद कशी येईल म्हणायची. शेवटी शेवटी तर दुधात कुस्करून चमच्यानं. ही काडी चार वर्षांची होती तेव्हा, दारात उभी राहून बघायची. डॉक्टरांनी त्या दिवशी चित्र काढलं ना कागदावर, टॉवेलाचं, तेव्हा मला त्यात माझी मुलगीच दिसली. माहीत नव्हतं म्हणतेस. हो, नव्हतं. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण हात माझाच होता ना चमच्यावर. मग त्याच घरात, त्याच ओट्यावर, पुन्हा गव्हाचं पीठ कालवलेली वाटी — मला नाही जमलं ते. रोगाचं काय, संशोधनाचं काय, मला काही नको होतं, मला फक्त ती वाटी नको होती.

हे बघ. पिशवीत आहे. घे ना हातात, बरणी आहे, काचेची. तुमचंच पीठ, चाळीस पुड्यांचं. टाकवलं नाही माझ्याच्यानं, पीठ टाकायची सवय नाही. रोज फडताळ उघडलं की समोर. म्हटलं कधीतरी सांगायची वेळ आली तर नुसत्या तोंडानं सांगून चालायचं नाही, ती म्हणेल म्हातारी चेष्टा करतेय.

तू पेन का खाली ठेवलंस? लिही की. काय म्हणालीस, बाकीच्या एकतीस जणांना पण याच आकड्यावर ती गोळी आणि गहू देणार, माझ्या तांदळाच्या जोरावर? हं. ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं बघ. एकतीस घरं. एकतीस मोऱ्या. सतरावर काट मार, मोठी काट मार, डॉक्टरांना दिसेल अशी. काय झालं ते सगळं लिही, तंबाखूसकट.

आं? जागी झाली? आत बोलावतायत का मला — आले हो नर्सबाई, आले, गुडघे उठतील तसे येणार ना.

नाही, तू नको उठूस. तू सांगितलंस तर ती ऐकून घेईल, नीट, समजूतदारपणे, आणि घरी येऊन मला एक शब्द बोलणार नाही. मला बोलू दे तिला. ओरडायचं असेल तर ओरडू दे माझ्यावर. तिच्या आईचं पण आजच सांगते, एकदाच होऊ दे काय व्हायचं ते.

ती बरणी दे इकडे. दे म्हटलं ना. आणि जा तुम्ही आता, बाई, तुमची वही घेऊन. हे आमच्या घरचं आहे.