तातू घाडीचा अर्धा जळलेला राब

मंडळी, एक सांगा बरं — भक्ती जोरात केली की देव लवकर पावतो का? बघा, पुढच्या रांगेनं लगेच माना डोलावल्या! थांबा. आधी तातू घाडी ऐका!

तातू आपल्या कोकणातलाच. देवाचं शेत पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराकडे. त्यात पिकेल त्याच भाताचा नैवेद्य! पण जमीन कशी? लाल, पावसानं धुतलेली, आंबट! — काकू, तोंड वाकडं करू नका, कैरी नव्हे ती! आंबट जमिनीत रोप पिवळं पडतं, मूळ धरत नाही. गावकरी म्हणाले, "तातू, यंदा नैवेद्यापुरतं पिकलं नाही, तर शेत दुसऱ्या घराला!"

पेरणीआधी आपण राब भाजतो ना — फांद्या, पाला, शेण रचून शेतातच जाळतो? तातूचा राब दर वर्षी मोठा! भक्तच तो! ज्वाळा कुठवर? माडाच्या शेंड्याला! आणि उरायचं काय? राख! पहिल्या पावसात तीही ओढ्याला.

यंदा ठिणग्या निघाल्या शेजाऱ्याच्या गवताच्या उडवीकडे! बायको शेवंती धावली, घागरी ओतल्या. राब विझला, खाली नुसते काळे कोळसे!

"अगो, देवाचो राब इझवलंस?"

"मग काय शेजाऱ्याची उडवी पेटवू?"

तातू रुसला. शेवंतीनं कोळसे कुटले, शेणाच्या खड्ड्यात टाकले — शेण, गोमूत्र, कुजका पाला, सगळ्यात मुरू दिले. लावणीला तेच खत खालच्या कोपऱ्यात पसरलं. तातू ओरडतोय, "देवाच्या शेतात अर्धवट राब!" ती ऐकतेय थोडीच!

श्रावणात शेत पिवळं — आणि तो कोपरा? हिरवागार! अहो, राख वाहून जाते, कोळसा राहतो. आंबटपणा उतरवतो, खताचा रस धरून मुळांना हळूहळू देतो. नैवेद्य त्या एका कोपऱ्यावर झाला! शेत घरात राहिलं!

नैवेद्याचा पहिला घास कसणाऱ्याचा मान. तातूनं तो शेवंतीच्या हातावर ठेवला. डोळे भरलेले. म्हणाला, "देवा, मी तुका नुसती आग दाखवलंय. जेवक हिना घातल्यान!"

आता तुम्ही! एकादशीला गर्जता, द्वादशीला बांधावर भांडता! भडकलात, संपलात! जरा घरातल्या माणसांत मुरा की! आज घरी जा, ज्याच्याशी अबोला धरलाय त्याला आधी हाक मारा — आणि मग म्हणा, विठ्ठल!